कललेलं गलबत

दातांच्या डॉक्टरच्या लेखी जगात मूर्खांना तोटा नव्हता, आणि त्यातले दोन निवडक नग त्याचे शाळेपासूनचे मित्र होते. एक वकील. नाहीतर कुठला शहाणा माणूस सत्तर वर्षांचं शिडाचं लाकडी गलबत विकत घेतो? दुसरा मास्तर. तो वकिलाच्या गलबताचं कौतुक करायचा आणि डॉक्टरच्या टोमण्यांवर हसायचाही. स्वतःचं मत असणं त्याच्या प्रकृतीला मानवत नसे.

गलबताच्या तळाच्या फळ्या बदलायच्या होत्या, म्हणून ते शेजारच्या बंदरातल्या सुताराकडे न्यायचं होतं. सकाळी निघून संध्याकाळी पोचायचं, एवढंच काम. सुकाणूवर एक म्हातारा तांडेल होता.

"इंजिन नाही, गोंगाट नाही. नुसता वारा!" वकील छाती फुगवून म्हणाला.

"घरी पंखा नाही का तुझ्या?" डॉक्टर म्हणाला. मास्तर हसला.

दुपार कलली तसं पाण्यावरून धुकं आलं. किनाऱ्याची रेघ पुसली गेली, मग डोलकाठीचं टोक गेलं. वारा मात्र होता. शीड भरलेलं होतं आणि गलबत पाणी कापत चाललं होतं. डांबराचा, कुजट लाकडाचा वास एकदम दाट झाला. आणि उजव्या अंगाने, अगदी खालून, कोणीतरी म्हणालं,

"जरा हात द्या हो..."

तिघेही कठड्याशी धावले. खाली राखाडी पाणी आणि धुकं.

"कोण आहे? कुठे आहात?" वकील ओरडला.

"इथेच. हात द्या जरा."

"दोर टाका, तांडेल!" मास्तर म्हणाला.

तांडेल जागचा हलला नाही. "टाकू नका," तो हळूच म्हणाला. "बुडणारा माणूस असा बोलतो का? त्याला धाप तरी लागेल... आणि आपण एवढ्या वेगाने चाललोय. तो मागे का पडत नाही?"

मास्तरचा हात दोरापर्यंत जाऊन थांबला. वकील कठड्यापासून दोन पावलं मागे सरला. डॉक्टरने तिघांकडे पाहिलं आणि त्याला मनापासून किळस आली. एक अडाणी म्हातारा काहीतरी पुटपुटतो, आणि ही शिकलेली माणसं शेपूट घालतात! त्याने वेटोळं उचललं आणि दोर पाण्यात भिरकावला. कळवळा येऊन नव्हे. तांडेलाला खोटं पाडायचं होतं, बस्स.

दोर ताठ झाला. डॉक्टरचे तळवे सोलवटले. ओढता ओढता एकाएकी भार गेला, टोक रिकामंच वर आलं. आणि त्याच क्षणी अख्खं गलबत उजवीकडे कललं.

"सुटला," डॉक्टर धापा टाकत म्हणाला. "तुमच्या चर्चेत गेला बिचारा."

"सुटला नाही," तांडेल म्हणाला. "वर आला."

"वा! मग चहा विचारा त्याला."

या खेपेला मास्तर हसला नाही. तांडेलाने तिघांनाही डाव्या कठड्याला बसवलं. गलबत कललेलंच राहिलं. डॉक्टर म्हणाला, तळाला पाणी शिरलं असणार. वकील कंदील घेऊन खाली जाऊन आला. आत ओंजळभरही पाणी नव्हतं. त्यानंतर बंदर येईपर्यंत उजव्या बाजूच्या बाकाकडे कोणी पाहिलं नाही. डॉक्टरने तेवढं दोनदा पाहिलं, ते केवळ बाकीचे पाहत नव्हते म्हणून. बाक ओला होता. समुद्रावर बाक ओले असतातच.

धक्क्यावर फळी टाकली. वकील उतरला, मास्तर उतरला, कल तसाच. मग डॉक्टर फळीवर चढला. तो काही जाड माणूस नव्हता, पण फळी त्याच्या पायाखाली अशी वाकली की मास्तरच्या तोंडून "अरे, जपून" निघून गेलं. डॉक्टरने धक्क्यावर पाय ठेवला, मागे फळी आणखी एकदा करकरली आणि गलबत सरळ झालं.

तांडेलाने घाईघाईने फळी आत ओढली. "डॉक्टर," तो म्हणाला, "आज घरी जाऊ नका."

"मग काय तुझ्याकडे येऊ?" डॉक्टर म्हणाला आणि टॅक्सी पकडून निघाला. वाटेत टॅक्सीवाला दोनदा उतरून मागचं चाक बघून आला. तोही मूर्खच.

रात्री तो घराखाली पोचला. सहा माणसांच्या लिफ्टमध्ये तो एकटा शिरला, आणि वजन जास्त झाल्याची घंटी किंचाळायला लागली. डॉक्टर बाहेर आला. घंटी थांबली. दार मिटलं आणि लिफ्ट रिकामीच वर गेली.

"बिघडली मेली," तो स्वतःशी म्हणाला आणि जिना चढू लागला. दुसऱ्या मजल्यावर दम घ्यायला टेकला तेव्हा वरती, तिसऱ्या मजल्यावर, त्याच्याच घराची बेल वाजली. कडी निघाली.

"आलात एकदाचे?" त्याच्या बायकोचा आवाज. "अगबाई, किती भिजलात! दारात काय उभे राहिलात, आत या ना..."

डॉक्टर दोन-दोन पायऱ्या घेत धावला. त्याने तिला हाक मारली, पण हाक त्याच्या धापेतच विरली.

वर दार हळूच लागलं, आणि आतून कडी बसली.