तेजलच्या नावाचा तारा

सोमनाथ पहिली पाळी आटपून घरी आला तेव्हा त्याला फक्त आडवं व्हायचं होतं. सातपूरच्या एका कारखान्यात कामगारांची ने-आण करणारी बस तो चालवायचा. खांदे भरून आले होते, डोळे चुरचुरत होते. पण बायकोला, छायाला, संध्याकाळी मखमलाबादला न्यायचं कबूल केलं होतं. पूर्वी शब्द मोडला की छाया घर डोक्यावर घ्यायची. हल्ली ती भांडतच नव्हती, आणि त्याचीच त्याला जास्त धास्ती वाटायची.

त्यांची एकुलती एक तेजल दोन वर्षांपूर्वी तापानं गेली. नऊ वर्षांची होती. ती गेल्यावर, तिच्या मागच्या वाढदिवसाला छायाच्या भावानं, शेखरनं, इंटरनेटवरून एका ताऱ्याला तिचं नाव देऊन घेतलं. रंगीत सर्टिफिकेट आलं, त्याची फ्रेम झाली, पेढेसुद्धा वाटले. शेखरचा हेतू चांगलाच होता हो, पण त्या चांगल्या हेतूनं सोमनाथचं घर बसलं. छाया रोज दिवेलागणीला गच्चीवर जाऊन आभाळाकडे तोंड करून हाक मारू लागली, "तेजल... ए तेजल..." वर काही दिसायचं नाही, तरी ही हलायची नाही. खाणं सुटलं, झोप उडाली, पोरीमागोमाग आईही निघाली असं शेजारपाजारचे बोलू लागले. आणि एके दिवशी जिना उतरता उतरता ती सहज म्हणाली, "अहो, ती ओ देते."

जुनी माणसं सांगतात, अंधारात हाक आली तर पहिल्या हाकेला ओ देऊ नये. पण आपणच हाक मारली आणि भलत्याच कुणी ओ दिली, तर काय करायचं ते सोमनाथला कुणी सांगितलेलं नव्हतं.

शेवटी तो तेजलच्या शाळेतल्या विज्ञानाच्या संजना मॅडमकडे गेला. मखमलाबादला द्राक्षबागांच्या कडेला त्यांचं घर होतं आणि गच्चीवर दुर्बीण. "मॅडम, तिला एकदा दाखवा. साधा ठिपका आहे हे पटलं तर माझी बायको मला परत मिळेल. लय थकलोय मी आता," एवढंच तो म्हणाला होता.

जानेवारीची थंडी हाडात शिरत होती. बागांमधून औषधफवारणीचा उग्र वास येत होता. मॅडमनी बराच वेळ दुर्बीण फिरवली आणि म्हणाल्या, "या ताई, सापडला."

छायानं डोळा लावला. "केवढा झालाय..."

"ठिपकाच आहे ताई, नारिंगी ठिपका," मॅडम समजुतीच्या सुरात म्हणाल्या. "हा म्हातारा तारा आहे. गाभ्यातलं इंधन संपलं की तारा लगेच विझत नाही, आधी फुगतो. हा सूर्याच्या वीसपट फुगलाय, पण वजन जेमतेम दीडपट. बाहेरून नुसता विरळ, पिंजलेल्या कापसासारखा. सूर्यापेक्षा थंड आहे, म्हणून असा नारिंगी. फुगताना जवळ फिरणारे ग्रह असतील तर तेही गिळले असतील त्यानं."

"गिळले?"

"हो. आणि हा उजेड तिथून निघाला त्याला नऊशे वर्षं झाली. तेव्हा आपण कुणीच नव्हतो. तेजल तिथे नाहीये, ताई."

छाया भिंगावरचा डोळा न काढताच हळूच म्हणाली, "मग मला ओ कोण देतं?"

"चहा टाकते," म्हणत मॅडम खाली गेल्या.

बागेतला पंप बंद पडला आणि सगळं चिडीचूप झालं. सोमनाथच्या गालाला ऊब लागली. आधी त्याला वाटलं कुठे शेकोटी असेल, पण धूर नव्हता. आणि ही ऊब त्याच्या ओळखीची होती. शेवटच्या दिवसांत तेजलच्या कपाळावर हात ठेवला की अशीच लागायची. ती दुर्बिणीच्या भिंगातून येत होती.

"आई..."

आवाज पोरीचाच होता. पण त्यात एक पोकळी होती, मोठ्या रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलावं तशी.

छायाचे ओठ विलग झाले. तिनं ओ दिली की ती जाणार, हे सोमनाथला लख्ख कळलं. भ्यायलासुद्धा त्याच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. त्यानं तिला बाजूला ओढलं, स्वतःचा डोळा भिंगाला लावला आणि म्हणाला, "ओ... मी आहे. आईला सोड."

ऊब डोळ्यातून आत उतरली. नंतर काहीच झालं नाही.

"अहो, केवढी थंडी वाजतेय," छाया म्हणाली. "घरी चला ना."

त्या रात्री ती दोन भाकरी जेवली आणि गाढ झोपली. सोमनाथ ओट्याला टेकून आनंदानं रडला.

आठवडाभरात त्याला बूट होईनात. मग अंगठी कापून काढावी लागली, सदऱ्याची बटणं लागेनात. कंपनीच्या काट्यावर उभा राहिला तर वजन मात्र होतं तेवढंच. बसमध्ये त्याच्या मागच्या बाकावर बसणारे भर थंडीत खिडक्या उघडू लागले.

छाया आता गात गात स्वयंपाक करायची. गच्चीचं नावही काढत नव्हती. सोमनाथ मात्र जवळचे ग्रह गिळल्याचं मॅडमचं बोलणं आठवून रोज आपलं अंथरूण लांब, दाराशी घालू लागला. "लांब का झोपता? तुमच्याजवळ छान ऊब लागते," ती लाडानं म्हणायची. तो पाठ दुखते म्हणायचा आणि मध्ये लोखंडी पेटी ठेवायचा.

आज उजाडता उजाडता त्याला जाग आली. पेटी, तांब्या, देवळीतली समई, चपला, सगळं जमिनीवरून येऊन त्याच्याभोवती गोल लागलं होतं. सगळ्यात जवळ छायाची गादी होती. ती गाढ झोपली होती, तोंडावर समाधान होतं, आणि गादी अजून सरकतच होती.