कॅथीड्रलमधला नवस

हीटर राहू दे तेवढाच. आणि श्रिया, तो पॅसेजमधला दिवा घालव. घाबरवायला नाही गं, डोळ्यांवर येतो म्हणून. तुमच्या बाळकाकाच्या गोष्टींत थोडा मीठमसाला असतो, कबूल. मागच्या वेळचा तो मासा एवढा नव्हता, एवढाच होता. पण आजची गोष्ट देवव्रतची. इथे ऑकलंडमध्येच, हेन्डरसनला राहायचा आणि पेनरोजच्या एका कारखान्यात मशिनं बघायचा, तो. त्या गोष्टीत मीठ घालायला जागाच नाही.

२०२३चा ऑक्टोबर. देवव्रतला ऑफिसने दहा दिवस जर्मनीला पाठवलं, ट्रेनिंगला. त्याची बायको वासंती गराजमध्ये मुलांना पेटी शिकवायची. वेस्ट ऑकलंडमधल्या निम्म्या मराठी पोरांचे सूर तिनेच लावून दिले. पण त्या वर्षी तिच्या फुफ्फुसांनी दगा दिला. दोन वाक्यं बोलली की धाप. पेटीचा भाता मारता मारता हात गळून पडायचा. डॉक्टरांनी देवव्रतला बाजूला घेऊन सांगितलं होतं, ख्रिसमसपर्यंत धरा.

निघताना तिने एकच काम सांगितलं. "तिथे ते जुनं कॅथीड्रल आहे ना, त्यातला ऑर्गन मला ऐकायचा होता रे. मी काही आता जात नाही. तू ऐकून ये. फोनवर घेऊन ये माझ्यासाठी."

"आणि तिथली चित्रं?"

"ती तू बघ. नाहीतरी सुरातलं तुला काय कळतं?"

तर हा गेला. गुरुवारी, बारा तारखेला, जेवणाच्या सुट्टीत. आत पाऊल टाकलं आणि मान वर गेली ती खाली येईना. दगडी खांब असे चढत गेलेले की वर कुठे टेकलेत ते दिसत नव्हतं. भिंतीवर सोनेरी पाटांवर रंगवलेल्या जुन्या बायका, सगळ्यांच्या माना एका बाजूला कललेल्या. रंगीत काचांतून ऊन पडलेलं, याच्या हातावर निळा डाग. आणि कोणीतरी ऑर्गनवर सराव करत होतं, ते याने फोनवर घेतलं. त्यातला सगळ्यात खालचा सूर कानाला ऐकूच येत नव्हता. तळपायातून वर चढत होता.

आता आपला माणूस. त्याने काय करावं? दारातल्या कोपऱ्यात बूट काढले! रखवालदार धावत आला, खुणा करू लागला, हा आपला मोज्यांनिशी पुढे. प्रदक्षिणा सुरू. मागच्या बाजूला एका कमानीखाली संगमरवरी पुरुष निजलेला. हात जोडलेले, डोळे मिटलेले. आणि पायाशी कुत्रा.

देवव्रतच्या घरात तीन पिढ्यांची दत्ताची भक्ती. वार गुरुवार. पायाशी कुत्रा बघितल्यावर त्याला वाटलं, हा यांचा दत्तच असणार. खिशात विमानातली खडीसाखर होती, ती त्याने दगडी पायांवर ठेवली. डोकं टेकलं. आणि बोलला, "महाराज, वासंतीला श्वास द्या. ती बरी झाली की तुमच्या पायाशी आणून घालतो."

वर ऑर्गन थांबला. एकदम.

हसू नकोस, अक्षत. तुझी आजी असती तर तिनेही हेच केलं असतं.

ख्रिसमस आला आणि गेला. वासंती गेली नाही. रोज गराजमध्ये बसून फोनवरचा तो ऑर्गन ऐकायची. जानेवारीत जिना चढली. फेब्रुवारीत पेटीवर बसली. डॉक्टर रिपोर्ट उलटेपालटे करून बघत होते. देवव्रतने तिला नवसाचं सांगितलं तेव्हा ती हसली, रडली आणि म्हणाली, "मग चल की, फेडून येऊ!"

मे महिन्यात त्यांच्या मुलीने, सिद्धीने, बापाच्या फोनवर त्या संगमरवरी पुरुषाचा, निघताना काढलेला फोटो बघितला. दगडावरची अक्षरं मोठी करून तिने त्यांचं भाषांतर काढलं. "बाबा, हा सेंट नाहीये. दॅट्स अ ग्रेव्ह. हा कोणी लॉर्ड होता, त्या ऑर्गनला याने पैसे दिले. आणि लुक, ही ग्रेव्ह दोघांसाठी केलीय. याची वाइफ कधी आलीच नाही. शेजारची जागा रिकामी आहे."

देवव्रतने फोटो बघितला. त्या दिवशी त्याचं लक्ष गेलं नव्हतं. पुरुष एका कडेला निजला होता. शेजारी माणूसभर गुळगुळीत दगड.

त्याने ठरवलं, जायचं नाही. मेलेल्याच्या शेजारी बायको नेऊन घालायची? वासंतीला म्हणाला, जुलैमध्ये बघू, सध्या रजा नाही. तिने मान डोलावली. त्याच रात्री तिला पुन्हा धाप लागली.

"काका, मग न्यायचं ना तिला?"

नेली तर काय, अक्षत? आणि नाही नेली तर काय? तो महिनाभर हेच मोजत होता. देवघरापुढे बसला, तर कुठला देव मधे पडणार? शब्द याने स्वतःच्या तोंडाने दिलेला.

शुक्रवार, २१ जून २०२४. इथला भर हिवाळा, वर्षातली सगळ्यात मोठी रात्र. सव्वापाचलाच अंधार. सिद्धी मैत्रिणीकडे गेलेली. देवव्रत डेअरीतून दूध घेऊन पावणेसातला घरी आला. घरात दिवा नव्हता. वासंती दारापाशी, बूट घालायच्या स्टुलावर बसली होती. लग्नातला शालू नेसलेली. केसांत वेणी. मांडीवर पर्स.

"कुठे निघालीस?"

"न्यायला आलेत."

"कोण?"

ती दाराकडे बघत राहिली.

त्याने दार उघडलं. ड्राइव्हवे रिकामा. समोरच्या घरात टीव्ही चालू. थंडी. कोणी नाही. त्याने दार लावलं, कडी घातली, साखळी घातली.

मग ते आलं. कानाला नाही. तळपायाला.

लाकडी जमीन होती त्यांची. ती थरथरत होती. कपाटातल्या वाट्या एकमेकींवर किणकिणायला लागल्या. देवव्रतने तिचे दोन्ही हात धरले.

"वासंती... बस इथेच. सोडू नकोस माझा हात."

"तू शब्द दिला होतास ना रे?"

"मला माहीत नव्हतं."

"हो. पण दिलास."

तो दाराकडे तोंड करून ओरडला. "मला घ्या! चूक माझी आहे... मला घ्या!"

...



सूर चढला. तिचा श्वासही चढला, त्याच्याबरोबर. लांब. आणखी लांब. इतका मोठा श्वास तिने वर्षभरात घेतला नव्हता. चेहऱ्यावर कसलाच त्रास नाही. ऐकतेय अशी मान एका बाजूला कललेली.

सात वाजले.

जमीन थांबली. वाट्या थांबल्या.

तिचा हात त्याच्याच हातात होता. गार. गुळगुळीत.

दाराची कडी तशीच. साखळी तशीच.

नऊ दिवसांनी बापलेक कागदपत्रं घेऊन बसले. माणूस गेलं की पासपोर्ट रद्द करायला पाठवावा लागतो. वासंतीचा होता नवाकोरा, गेल्या वर्षी काढलेला, आजारपणामुळे एकदाही न वापरलेला. सिद्धीने सहज उघडला आणि बापापुढे धरला.

पाचव्या पानावर शिक्का होता. जर्मनीचा. तारीख २१ जून. आत येणाऱ्या माणसाला मारतात तो, आतल्या दिशेच्या बाणाचा.

देवव्रतने एकेक पान उलटलं. शेवटपर्यंत. मग परत पहिल्यापासून. बाहेर पडल्याचा शिक्का शोधत.

बाकीची सगळी पानं कोरी.