खारी लवकर शिकली

करंजाडेच्या त्या सोसायटीत लिफ्टच्या दारात अक्षताचा भलामोठा पिंजरा आडवा अडकला, आणि नेमका तेव्हाच तिसऱ्या मजल्यावरचा हितेश खाली जायला आला.

"वाघ पाळताय का मॅडम?"

"कुत्री आहे... खारी. माझी कोचीला बदली झालीय. तिला विमानातून न्यायचंय."

त्याने पिंजरा तिरका करून अलगद सोडवला. दोघांची बोटं जेमतेम एकमेकांना लागली. अक्षता उगाचच ओढणी सारखी करू लागली.

संध्याकाळी खारीच्या रडण्याने सगळी विंग दणाणली. बेल वाजली. दारात हितेश! अक्षता रडकुंडीला आली होती.

"सॉरी हां... पिंजऱ्यात शांत बसली नाही तर विमानात घेणार नाहीत म्हणे. आणि हिला इथे टाकून मी नाही जायची."

"आमच्या वाघ्या कुत्र्याचंपण असंच होतं," तो खाली बसला. "एकदम दार लावलंत, म्हणून घाबरली ती. आधी उघडंच ठेवा. जेवण आत द्या. मग जरासं लावायचं... आणि रडायच्या आत उघडायचं."

"आणि मीच रडले तर?"

"तुम्हाला वेगळा नियम," तो म्हणाला, आणि स्वतःच लाजला.

मग उरणच्या कंटेनर यार्डातली ड्युटी संपली की तो रोज यायला लागला. पिंजऱ्यावर अक्षताची जुनी चादर, आत तिचाच मऊ टॉप, बाहेर दोघं फरशीवर. खारी दचकू नये म्हणून कुजबुजत बोलायचं, आणि कुजबुजायचं म्हणजे जवळ बसायचं! 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं, दोघांनाही कळलं नाही. बाल्कनीच्या ग्रिलवर पाऊस टपटपत राही. चहा गार होऊन जाई.

एके दिवशी खारी आपण होऊन आत शिरली. अक्षताने दार लावलं. खारीने पंजांवर हनुवटी टेकली, एक सुस्कारा सोडला... आणि चक्क घोरू लागली.

"हितेश, झोपली रे!" आनंदाने अक्षताने त्याचा दंडच धरला. पण तो हसला नाही.

"काय झालं? खूश नाहीस?"

"आहे ना... पण लय लवकर शिकली ही." तो फरशीकडे बघत होता. घाबरला की त्याच्या नावडे गावची बोली ओठांवर येई. "उद्या कुठल्या बहाण्याने येऊ? माझा जीव... तुझ्यात अडकलाय, अक्षता. आता बोललो. तू जा बिनधास्त. आठवन येईल, एवढंच."

अक्षताने त्याच्या दंडावरचा हात काढला नाही.

"तुमच्या यार्डातून कोचीला माल जातो ना?"

"जातो की. बोटी भरभरून."

"मग तू कधी येतोस?"

त्याने मान वर केली. डोळे भरलेले, आणि ओठांवर हसू.

"दिवाळीला... येऊ?"

"गणपतीला ये," ती कुजबुजली. "दिवाळी फार लांब आहे रे."