एकविसावं दार

लिंडनची झाडं फुलली होती, सारा चढ त्यांच्या वासानं मधाळला होता. चढाच्या टोकाला, फाटकामागे यागोदा दबा धरून उभी होती. आज त्याला पकडायचंच!

स्कूटर थांबली. पोस्टमन वुकाशिननं पत्र पेटीत सरकवलं, वळला... तो ती समोर! हातात तबक. चेरीचा मुरांबा, चमचा, पाण्याचा पेला.

"दारी आलेल्यानं तोंड गोड करूनच जायचं, ही आपल्या ड्रेनोवाक गावची रीत. मी गावी परत आल्यापासून महिनाभर चोरासारखे पळताय. विष कालवते का मी?"

"नाही हो... मला गोड आवडत नाही."

"खोटं! खालच्या स्तानिया काकूंकडे दोन-दोन चमचे घेता म्हणे."

त्याचे कान लालेलाल झाले.

"खाली वीस दारं आहेत," तो हळूच म्हणाला. "रोज वीस चमचे... नऊ वर्षं. नाही म्हटलं की बायकांची तोंडं उतरतात. आता मलाच साखर निघालीये. तीन महिन्यांची सरासरी आठ पॉइंट चार. गोळी घेतो, पण आईलाही सांगितलं नाही. तुमच्यासमोर मात्र खोटं हसून खाववेना... म्हणून पळतो."

तिनं तबक मागे घेतलं. यागोदाच्या बापानंही साखर लपवली होती. टाचेची जखमही लपवली. आधी पाय गेला, मग तो.

"लपवणाऱ्याला माझं फाटक बंद," ती म्हणाली. "सगळ्यांना सांगणार असाल, तर उद्या स्कूटर घरी ठेवून या."

"चालत? हा चढ?"

"पाय आहेत ना अजून दोन?"

दुसऱ्या दिवशी तो धापा टाकत आला. तबकात चार अक्रोड आणि पाणी. तिसऱ्या दिवशी तीही त्याच्यासोबत चढ उतरली. स्तानिया काकूंनी वाटी पुढे केली. यागोदानं वुकाशिनकडे पाहिलं. त्यानं वाटी हळूच मागे सारली.

"काकू, मला साखर आहे. पाणी मात्र दोन पेले द्या."

काकूंनी वाटी खाली ठेवली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "अरे मेल्या! मलाही आहे. मी बोलले का कुणाला?"

त्या दिवशी उतारावर आणखी तीन घरांनी आपल्या साखरेबद्दल तोंड उघडलं.

उन्हाळा सरत गेला. वुकाशिनच्या ताटातला पाव अर्धा झाला, घेवडा आणि कोबी वाढले. रात्रीचं जेवण झालं की दोघं नदीकाठी फिरत. काकू खिडकीतून ओरडत, "औषध चाललंय की प्रेम?"

"दोन्ही जेवणानंतरच घ्यायचं असतं, काकू!" यागोदा म्हणे. आणि वुकाशिन चालता चालता ठेचकाळे...

आलुबुखार पिकले, तेव्हा फाटक वाजलं. वुकाशिन. पायी, टोपी सरळ, हातात तिकीट लावलेला लिफाफा.

"पत्र आहे... तुमच्या नावचं."

आत तपासणीचा कागद होता. सहा पॉइंट दोन! खाली त्याचं अक्षर — 'डॉक्टर म्हणतात, रोग गेला नाही, ताब्यात आलाय. जन्मभर चालावं लागेल. एकट्याला चढ फार लांब वाटतो, यागोदा.'

तिनं दोनदा वाचलं. अक्षरं ओली झाली.

"उत्तर... मिळेल?"

"पोस्टात टाकलं, तर तेही तूच आणणार," ती म्हणाली. पहिल्यांदाच, तू. फाटक सताड उघडून तिनं त्याचा हात धरला. "चल, खाली जाऊन सगळ्यांना सांगू. आता लपवायचं नाही काही."

उतारावरची वीस दारं एकामागून एक उघडली, आणि दारोदारी पाण्याचे पेले उंचावले.