पन्नाशीतल्या बैठका

राजूरच्या गणपतीच्या टेकडीवर, पायऱ्यांच्या ऐन मध्यावर माझा गुडघा अडला. श्रावणातली बुरबुर चालू, लुगडं पोटऱ्यांना चिकटलेलं... अन् मी, तुळजाबाई, जिच्या हाकेनं नांगराचे बैल थांबतात, ती तिथं बसून राह्यले. वरून एक गडी उतरत आला. जाड मान, चेपलेले कान, धनगरी फेटा. पन्नाशी उलटलेली, पण पाऊल मांजरासारखं हलकं.

"बसू नका बाई," तो म्हणाला. "गणपती काही खाली येत न्हाई."

"तुम्ही कोण, त्याचे दिवाण?"

"न्हाई. म्हस्कू. तुमच्याच गावच्या तालमीत वस्ताद म्हणून आलो." मंग नजर खाली करून हळूच बोलला, "उठताना जोर मांडीवर टाका. कमरेवर न्हाई."

तसं केलं अन् चढले. चढता आलं, याचाच मला राग आला.

पुढं तो आमच्या घरी ताक मागायला येऊ लागला. आखाड्यातली माती ताक-तेल घालून मळावी लागते, म्हणून. ओसरीवर उभा राहायचा अन् माझं काम बघायचा. दळताना हात बदला म्हणे, न्हाईतर एकच खांदा म्हातारा होईल. घागर उचलताना गुडघ्यात वाका म्हणे. सकाळी खांबाला धरून बैठका मारा, झेपतील तेवढ्याच, पण रोज. मी ताकासंगं टोमणेही वाढायचे. या वयात मला काय फड गाजवायचाय का, असं विचारलं.

"फड न्हाई. आपली घागर आपण उचलायची, शेवटपर्यंत. बस्, एवढीच कुस्ती."

"पैलवानाला म्हातारपण येत न्हाई वाटतं?"

"येतं की. रोज येतं. मी रोज पाडतो त्याला."

असा हसला, की भांडं रिकामं झालं तरी मी ओततच राह्यले...

एका सकाळी कासोटा घट्ट खोचून मी बैठका मारत होते. मोकळे केस, फुसफुस श्वास. शेजारच्या झुंबरबाईनं डोकावून पाहिलं अन् तिला वाटलं, रेणुकाई माझ्या अंगात आली. धावत हळदकुंकू घेऊन आली, पायावर डोकं ठेवलं अन् म्हैस कधी विणार म्हणून विचारलं. दम लागलेला, बोलवत न्हवतं. कसंबसं "मंगळवार" म्हणून टाकलं. अन् म्हैस बराबर मंगळवारी व्याली. तेव्हापासून माझ्या बैठकांना अर्धी गल्ली नारळ घेऊन हजर.

हे सांगितलं तेव्हा म्हस्कू वस्ताद हसता हसता ओसरीवर बसला. डोळ्यांत पाणी आलं, ते फेट्याच्या शेवानं पुसू लागला. ते पाणी मी पुसावं, असं मला वाटलं. कपाळ मोकळं होऊन जमाना झालेली बाई मी. पदर ओढून आत गेले.

दुसऱ्या दिवशी ताक घेताना तो जमिनीकडं बघत म्हणाला, "आमच्यात पाट लागतो."

विधवेचं लग्न म्हणजे पाट. आमच्या पाटलाच्या घरात त्याचं नाव काढायची सोय न्हाई. "आमच्यात न्हाई लागत," मी म्हणाले.

पुढच्या खेपेला पुन्हा, "आमच्यात अजून लागतो."

"आमच्यात अजून न्हाई."

असं चाललं. तो विचारायचा थांबला न्हाई, अन् त्यानं थांबू नये असं मला वाटायचं.

मंग निजामाचं राज जायचे दिवस आले. माझा लेक धर्मराज, पोटुशी बायको नंदाला माझ्यापाशी ठेवून, लढणाऱ्यांत सामील व्हायला आधीच हद्दीपलीकडं वऱ्हाडात गेल्ता. तालमीत जमणाऱ्या पोरांवर संशय आला, तालमीला कुलूप लागलं. वस्तादाला धरायला निजामाचे पोलीस येणार, अशी कुणकुण लागली.

तो निघाला. मी डोक्यावर भाकरीचं टोपलं घेतलं, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं बाई शेतात चालली. मागं-पुढं चालत आम्ही दुपारपर्यंत हद्दीच्या ओढ्याशी पोचलो.

तो पाण्यात उतरला अन् वळून हात पुढं केला.

"तुळजा... चल. तिकडं आपल्याला कोण ओळखतं?"

बाई न जोडता त्यानं पहिल्यांदा नाव घेतलं होतं.

"मला यायचंय," मी म्हणाले. "त्या गणपतीच्या पायऱ्यांवरच यायचं होतं. पण नंदाचे दिवस भरलेत. घरात पुरुष न्हाई. सून टाकून कशी येऊ?"

हात बराच वेळ तसाच राह्यला. मंग त्यानं तो मागं घेतला.

"अन् मी परत आलो तर?"

"तर मी आपल्या तोंडानं म्हणेन... आमच्यात लागतो."

"जल्दी फिर माघारी," तो म्हणाला. "ऊन उतरायच्या आत घरी पोच." अन् पलीकडच्या ज्वारीत दिसेनासा झाला.

नंदाला मुलगी झाली. राज बदललं. धर्मराज आला. मी रोज वाट बघत होते, पण रस्त्याकडं बघत न्हवते. तेवढा ताठा अजून होता.

एक दिवस जेवताना धर्मराज सहज बोलला, की आपल्या तालमीतला म्हस्कू वस्ताद तिकडं वऱ्हाडात, लढणाऱ्यांच्या छावणीत तापानं गेला. चांगला माणूस होता म्हणे. अन् भाकरी मोडू लागला.

मी उठले. नंदाला म्हणाले, पाणी तापव, डोक्यावरून अंघोळ करायची.

"आत्याबाई, भरल्या ताटावरून? सुतक आलं का? कुणाचं?"

"घरचं."

धर्मराजचा घास हातातच राह्यला. मंग नंदानं उठून बंब पेटवला, अन् माझ्या डोक्यावर पाणी तिनंच ओतलं.