मी "झालं" म्हणेपर्यंत

ज्याला पटणार नसेल त्यानं इथेच थांबावं. मला कोणाला घाबरवायचं नाही. आणि मेलेल्या बायकोच्या नावानं गोष्टी रचण्याइतका मी अजून खाली पडलेलो नाही.

ज्याला खात्री करायची असेल त्यानं चामोर्शीला यावं. बाजार रोडवर कोणालाही विचारा, प्रफुल कॉम्प्युटरवाला कुठी बसते. तो स्विच मी काढून ठेवलाय... दाखवीन.

सतरा मे, दोन हजार तेवीस. बुधवार. दुपारचे अडीच.

भूतं रात्रीच येतात हे कोणी ठरवलं कोण जाणे. माझ्याकडं जे झालं ते सगळं भर दुपारी झालं.

आधी थोडं कामाचं सांगतो. कॉम्प्युटर सुरू केला की मदरबोर्डमधला जो प्रोग्राम सगळ्यात आधी जागा होतो, त्याला बायोस म्हणतात. तो जुना असला की कधीकधी नवीन डिस्क त्याला ओळखूच येत नाही. मग तो अपडेट करावा लागतो. पाच-सात मिनिटांचं काम. पण त्या पाच-सात मिनिटांत लाईन गेली की बोर्ड मेला म्हणून समजा.

आणि माझ्या दुकानाचा मेन स्विच म्हणजे नुसता वैताग. लोखंडी डब्याचा, बाजूला दांडा असलेला, बापाच्या काळातला. दांडा पार ढिला. रस्त्यानं खनिजाचा ट्रक गेला की दुकान हादरायचं आणि दांडा आपोआप खाली... खट.

सगळं बंद. यूपीएसची बॅटरी तर केव्हाच मेलेली.

नवीन स्विच बसवायला कितीक वेळ लागतो? अर्धा तास. मी चार वर्षं "उद्या बसवतो" म्हणत राहिलो.

तोवर उपाय एकच. माझी बायको, रीता.

बायोसचं काम लागलं की ती मागच्या खोलीत जायची आणि तळहातानं दांडा वर दाबून उभी राहायची. मधे प्लायवूडची भिंत, त्यामुळे तिला स्क्रीन दिसायची नाही. मग ती आतूनच विचारायची.

"झालं का जी?"

"नाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "झालं का जी?"

"नाई वं. थांब."

काम संपलं की मी ओरडायचो, "झालं!" मग ती पदराला हात पुसत बाहेर यायची. म्हणायची, "एक स्टूल तं आणून ठेवा तिथी. पाय दुखते माहे."

हाव, आणतो म्हणायचो. तेही राहिलंच.

एकदा तिनं अंदाजानं आधीच हात काढला होता. बोर्ड गेला. गिऱ्हाईक समोर उभं होतं, तरी मी तिच्यावर खेकसलो, "मी झालं म्हणल्याबिगर हात काढाचा नाई! समजते का नाई तुले?"

तिनं नुसती मान हलवली. पुन्हा कधी आधी हात काढला नाही.

कधीच नाही.

त्या बुधवारी अहेरीकडचा सुनिल मशीन ठेवून गेला होता. तिकडं त्याचं ऑनलाईन फॉर्म भरायचं सेंटर आहे. नवीन एसएसडी डिस्क टाकायची होती. रीता सकाळपासून म्हणत होती, छातीत कसंतरी होऊन राह्यलं. मी म्हणालो, ऊन लागलं असन, पन्हं पी.

अपडेट लावलं. ती आत गेली. तिनं दोनदा विचारलं, मी दोनदा नाई म्हणालो. मग अपडेट पूर्ण झालं, मशीन परत सुरू झालं, आणि विंडोज टाकायला गेलो तर डिस्कच गायब! स्टोरेज कंट्रोलरचा ड्रायव्हर, म्हणजे डिस्क ओळखायची फाईल, मागत होतं. माझ्याकडं तो नव्हता. माझं डोकं सटकलं.

दुकानात रेंज नसते. मोबाईल घेऊन तणतणत रस्त्यापलीकडच्या कडुलिंबाखाली गेलो. ड्रायव्हर मुंगीच्या पावलानं उतरायला लागला. तिथंच पानठेल्यावर नथ्थूभाऊ बसला होता. "ये ना बे, खर्रा खा." तंबाखू-सुपारीचा तो घोटलेला खर्रा तोंडात टाकला. गप्पा हाणल्या. हसलोसुद्धा.

पंचवीस मिनिटं.

तिला "झालं" म्हणायचं राहून गेलं होतं.

परत आलो तेव्हा आतून काही आवाज नव्हता. मी हाक मारली. मागे गेलो...

जुन्या मॉनिटरच्या थप्पीला टेकून ती उभ्याउभ्याच खचली होती. मान खाली. हात मात्र वर. तळहात दांड्याखाली, तसाच.

दुकानातली लाईन चालू होती.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. करंट नाही. तरी मी तिचा तळहात उलटसुलट करून पाहिला. डाग नव्हता. आग लागो त्या खर्ऱ्याला, आणि माझ्या तोंडाला.

पुढं दहा महिने मी बायोसचं काम हातात घेतलं नाही.

त्या दिवसांत एक गोष्ट हळूहळू लक्षात आली. ट्रक जायचे. दुकान हादरायचं. काचा वाजायच्या. आणि दांडा...

दांडा वरच राहायचा.

गंजून बसला असेल, असं मी स्वतःला समजावलं. एक दिवस माझी मुलगी दिव्यानी, नववीतली, मागच्या खोलीतून वायर आणायला गेली आणि तशीच परत आली. "बाबा, तिथी आईच्या तेलाचा वास येऊन राह्यला." मी तिच्यावर उगाच ओरडलो. ती रडत घरी गेली.

मार्चमधे एका शाळेचं मशीन आलं. नाही म्हणता आलं नाही. दुपार होती, दुकानात मी एकटाच. अपडेट लावलं. तीस टक्के झालं असेल... आणि प्लायवूडच्या मागून आवाज आला.

"झालं का जी?"

माझं तोंड आपोआप बोललं, "नाई."

मग अंगावर काटा आला. मागे धावलो. कोणी नव्हतं. मी दांड्याला हात लावला...

कोमट होता. जिथं तळहात टेकतो, तेवढाच.

तुम्ही असता तर पुजाऱ्याकडं गेला असता. मी काय केलं, सांगायची लाज वाटते. अपडेट पूर्ण झालं तेव्हा मी तोंड दाबून बसलो. "झालं" म्हणालोच नाही. म्हणालो असतो तर ती गेली असती ना!

त्यानंतर मी बायोसची कामं शोधून शोधून घेतली. धड चालणारे बोर्डसुद्धा अपडेट करून दिले. लोक विचारायचे, "काऊन भाऊ, चालू तं होता?" काहीतरी थाप मारायचो. दुपारी शटर अर्धं ओढून बसायचो आणि वाट पाहायचो.

"झालं का जी?"

"नाई वं. थांब."

एवढाच संसार उरला होता आमचा. मला तेवढाही पुरत होता.

एक स्टूल आणलं. चांगलं, गादीचं. स्विचखाली ठेवलं. रोज पाहायचो. त्यावर धूळ चढत गेली. मग माझ्या टाळक्यात उजेड पडला. बसलं तर हात दांड्यापर्यंत पोचतच नाही.

मे महिन्यात सुनिल दुसरं मशीन घेऊन आला. ते ठेवून तो बाजारात गेला. मी अपडेट लावलं. दुपारी वादळ सुटलं आणि सगळ्या बाजाराची लाईन गेली. समोरची चक्की बंद पडली. पंखे थांबले. लोकांचा ओरडा झाला.

माझ्या दुकानातला बल्ब जळतच होता.

अपडेट पुढं सरकत होतं. एक्केचाळीस... बेचाळीस...

"झालं का जी?"

"नाई."

बराच वेळ काहीच नाही. मग एकदम दमलेला, बारीक आवाज आला.

"पाय लय दुखून राह्यले जी..."

एक वर्ष! एक वर्षापासून माझी बायको त्या अंधाऱ्या खोलीत हात वर धरून उभी होती. कशासाठी, तर मी एकदा खेकसलो होतो म्हणून. आणि मी कसाई, तिचा आवाज ऐकायला मिळतो म्हणून तिला थांब थांब म्हणत होतो.

स्क्रीनवर शेहेचाळीस होतं. वीस वर्षांच्या धंद्यात अर्धवट कामाला मी कधी झालं म्हणालो नव्हतो.

"झालं!" मी ओरडलो. "झालं वं रीता! कवाचंच झालं. मीच सांगाचं इसरलो. सोड तो हात."

चक्कीवरचा पत्रा वाऱ्यानं वाजत होता. बाकी सगळं शांत.

मग आतून आवाज आला... खट.

बल्ब गेला. स्क्रीन गेली. सुनिलचा बोर्ड मेला. त्याला मी दुसरा बसवून दिला, कारण सांगितलं नाही. त्या दिवशी मी त्या स्टूलवर बसून पोरासारखा रडलो.

दुसऱ्या दिवशी बाजाराची लाईन आली, माझी आली नाही. लोकेश वायरमनला बोलावलं. त्यानं स्विचचा डबा उघडला, बॅटरी मारली आणि माझ्याकडं पाहतच राहिला.

"प्रफुलभाऊ, दुकान कसं चालवून राह्यले होते तुमी?"

मी वाकून पाहिलं. आतलं तांबं जळून गेलं होतं. दोन टोकांच्या मधे बोटभर जागा मोकळी. टोकांवर हिरवा गंज चढलेला.

"हे आत्ताचं नाई," लोकेश म्हणाला. "याले वर्ष तं झालंच असन. याच्यातून करंट जाऊच शकत नाई."



नवीन स्विच बसवला. अर्धा तास लागला. आता ट्रक जातात, काही होत नाही. अपडेट लावलं की मागून कोणी विचारत नाही. तरी काम संपलं की मी मोठ्यानं "झालं" म्हणतो. गिऱ्हाईक हसतात. हसू द्या.

पण ती बोटभर जागा डोक्यातून जात नाही. वर्षभर करंट कशातून गेला? तिच्या तळहातावर डाग नव्हता, मी पाहिलं होतं. पण तो त्या दिवशीचा हात. त्यानंतर वर्षभर जो हात तिथं होता, तो मी कुठं पाहिला?

दिव्यानी विचारते, "बाबा, तो जळका स्विच काऊन ठेवला?" मी विषय बदलतो.

तो माझ्या टेबलाच्या खणात आहे. वायर नाही, लाईन नाही, नुसतं लोखंड. एखाद्या दुपारी दुकानात कोणी नसलं की काढतो आणि दांड्याला हात लावून पाहतो.

तिनं ऐकलं ना माझं? सोडला ना हात?

कारण दांडा... अजून कोमट लागतो.