पाच फुटांचा सज्जा

"दीदी, ही टेप झेलता का? सज्जा किती फूट आहे, जरा मोजून सांगा."

पौषातली ढगाळ दुपार होती. मी सज्ज्यात बसून तांदूळ निवडत होते. रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचा लाकडी सज्जा रस्त्यावर इतका पुढे आलेला, की खालून जाणारा वर बघतोच. हाही बघत होता... जरा जास्तच.

"दीदी काहून म्हणता? मी तुमच्याहून लहानच दिसून राहिली."

"मग नाव सांगा."

"कौमुदी. अन् हे मोजून करता काय?"

तो ओशाळला. शिशिर त्याचं नाव, गुढियारीचा, रेल्वेवाल्याचा मुलगा. रायपूर नव्या राज्याची राजधानी झालं होतं, रस्ते रुंद व्हायचे होते आणि कुणाचं घर किती तोडायचं ते मोजायला तो आला होता.

मी भिंतीपासून कठड्यापर्यंत टेप लावली. "साडेतीन फूट."

"खरं सांगा."

"...पाच."

तो हसला. मलाही हसू आलं, त्या हसण्याचा राग मला अजून येतो.

मग तो रोज यायला लागला. आकडा विसरलो म्हणायचा! एकदा मी त्याला आमच्या घरची रीत सांगितली. वरात आली की नवरदेव खाली रस्त्यावर थांबतो आणि नवरी सज्ज्यातून त्याच्यावर अक्षता टाकते. आईनं टाकल्या होत्या, आजीनंही.

"निशाणा जमते का तुम्हाले?" त्यानं विचारलं.

"उभे राहून पाहा," मी म्हटलं, आणि कानापर्यंत लाल झाले.

त्याच धिटाईत मी मागून पाहिलं, "साडेतीनच लिहा न."

त्यानं रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "समोर शांताबाईची एकच खोली आहे, कौमुदी. तुमचं वाचवलं, तर तेवढा रस्ता तिच्याकडून घेतील, तिची भिंत जाते."

त्यानं पाच लिहिलं. मी दोन दिवस जेवले नाही, आणि त्याच दोन दिवसांत मला कळलं, की माझं या माणसावर प्रेम आहे.

बाबांना ते सांगून उपयोग नव्हता. शिशिर दोनदा मागणी घालायला आला. बाबा दोन्ही वेळा एकच बोलले, "ज्यानं माहं घर तोडलं, त्याच्या घरी माही पोट्टी जाणार नाही."

माघात सज्जा पाडला. मागे फक्त त्याचं दार उरलं, हवेत उघडणारं.

आठवड्यानं खाली स्कूटर थांबली. मी देवघरातल्या अक्षता मुठीत घेऊन दार उघडलं, चौकट धरून उभी राहिले. तो सवयीनं जुन्याच जागी उभा होता, जिथे वर कठडा असायचा.

"अभनपुरले बदली झाली," तो म्हणाला. "माहं चुकलं का, कौमुदी?"

"नाही. म्हणून तर..." मी मूठ उघडली.

अक्षता त्याच्यापर्यंत पोचल्याच नाहीत. पाच फूट अलीकडे, मलब्यात पडल्या.

त्यानं त्या पाहिल्या. मग विटा तुडवत तो पुढे आला, अगदी दाराखाली, आणि मान खाली घालून उभा राहिला.

"थांबा," मी म्हटलं, आणि आणखी आणायला वळले. मागे बाबा उभे होते. रागावले नाहीत, ओरडले नाहीत. त्यांनी हात लांब करून दार लावलं, कडी घातली.

खाली स्कूटर सुरू व्हायला फार वेळ लागला.